धुराची खतावणी आणि आपला टेम्पो

डिलाईल रोडवर ज्यांची दुकाने, गाळे किंवा गोदामे आहेत त्यांना २४ जुलै २०१८ ही तारीख आठवण करून द्यावी लागणार नाही. त्या महिन्याच्या ३ तारखेला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला, जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली आणि लोअर परळ स्टेशनवरचा आपला पूल वाहतुकीला बंद झाला. तो पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. म्हणजे पाच वर्षे चार महिने. एवढा काळ वरळी नाक्याकडे चार तागे पोचवायचे म्हटले तरी टेम्पोला करी रोडचा नाहीतर एल्फिन्स्टनचा वळसा घ्यावा लागला. भाडे वाढले, डिझेल वाढले, ड्रायव्हरची कुरकुर वाढली. हे सगळे आमच्या रोजकीर्दीत लिहिलेले आहे. मात्र या वळशामुळे धूर किती वाढला, ते कोणाच्या वहीत आहे?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल, पण सरकार आणि न्यायालय आता नेमका हाच प्रश्न विचारू लागले आहेत. मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून दखल घेतली. ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, लाकूड-कोळशाच्या बेकरी भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात. दोन, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवणे शक्य आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. त्याच महिन्यात राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली आणि तीन महिन्यांची मुदत दिली. बेकरीवाल्या भावांची त्या वेळी जी धावपळ झाली ती सर्वांनी पाहिली. टेम्पोवाल्यांची आणि टेम्पोवर ज्यांचा कारोबार चालतो त्या आपल्यासारख्यांची पाळी त्याच रांगेत आहे. म्हणून हा धुराचा हिशेब कसा मांडतात ते समजून घेणे जरुरीचे आहे.

हिशेबाची रीत

तज्ज्ञ मंडळी याला ‘मॉडेल’ म्हणतात. शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथे मास्तर गणिताला ‘हिसाब’ म्हणत, आणि हा त्याच जातीचा हिसाब आहे. रस्त्यावर गाड्या किती, प्रत्येक गाडी दिवसाला किती किलोमीटर चालते आणि एका किलोमीटरला किती ग्रॅम धूर सोडते, या तीन आकड्यांचा गुणाकार करायचा. टॅक्सी, ट्रक, टेम्पो, बस, स्कूटर यांची खाती वेगळी पाडायची, प्रत्येकात जुनी-नवी असे पोटखाते काढायचे आणि शेवटी बेरीज मारायची. ही झाली खतावणी. पुढे वारा कुठून वाहतो, थंडीत धूर किती उंचीपर्यंत चढून अडकतो, हे धरून तो धूर कोणत्या वस्तीत किती साचेल ते काढतात. मुंबईला समुद्राचा वारा आहे म्हणून पावसाळ्यात आपण वाचतो. हिवाळ्याच्या सकाळी तो पडला की परळ-लालबागचा धूर परळ-लालबागच्याच छातीत जातो.

एकदा खतावणी तयार झाली की सरकार त्यात एकेक आकडा बदलून बघते. जुन्या गाड्या काढल्या तर बेरीज किती उतरेल? डिझेल सुधारले तर? बस वाढवल्या तर? ट्रक रात्री आणले तर? प्रत्येक उपायाचा खर्च एका बाजूला आणि उतरलेला धूर दुसऱ्या बाजूला मांडला की कोणता सौदा स्वस्त पडतो ते दिसते. दुकानात नवा माल भरण्यापूर्वी आपण यापेक्षा वेगळे काय करतो?

मुंबईत हे काम नवे नाही. जागतिक बँकेने १९९७ साली बृहन्मुंबईच्या हवेवर अहवाल छापला. ‘अर्बएअर’ नावाच्या त्या कामात जकार्ता, मनिला आणि काठमांडू ही शहरेही होती. त्यात धुराची खतावणी होती, आजारपणाची पैशातली किंमत होती आणि उपायांची तुलना होती: जास्त धूर ओकणाऱ्या गाड्या पकडणे, डिझेल सुधारणे, दोन-स्ट्रोक गाड्यांचे तेल बदलणे वगैरे. पुण्यात २००३ साली कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी रस्त्याच्या कडेला कॅमेरे लावून गाड्या मोजल्या, उभ्या गाड्यांची पाहणी केली आणि चालत्या गाड्यांत यंत्र ठेवून त्यांचा वेग टिपला. पुण्याच्याच ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेने पुढे आपल्या देशातल्या गाड्या रोलरवर चालवून, त्यांचा धूर गोळा करून, किलोमीटरला किती ग्रॅम याचे कोष्टक बनवले. २०१० मध्ये ‘नीरी’ने मुंबईचा अहवाल दिला. कुलाबा, दादर, धारावी अशा ठिकाणी हवा तपासून तो केला होता. त्यात एक गोष्ट ठळकपणे आली: गाडीच्या नळकांड्यातून निघतो तेवढाच दोष नाही, चाकाखालून उडणारी रस्त्याची धूळही मोठी वाटेकरी आहे. विजेची गाडी आणली तरी खडबडीत रस्त्यावर ती धूळ उडवणारच.

मिती आणि मैल

आता मुद्द्याचे बोलू. खतावणीत चूक शिरते ती गुणाकारात नव्हे, भरलेल्या आकड्यांत. समजा, आमच्याकडे एक जुना टेम्पो आहे. किलोमीटरला १ ग्रॅम धूर सोडतो, पण दिवसाला फिरतो फक्त ३० किलोमीटर. गोदाम ते दुकान, दुकान ते स्टेशन. झाला ३० ग्रॅम. दुसरा कोणा बड्या कंपनीचा नवा टेम्पो आहे. किलोमीटरला ०.३ ग्रॅमच सोडतो, पण भिवंडी-मुंबई करत दिवसाला १५० किलोमीटर धावतो. झाला ४५ ग्रॅम. (आकडे नमुन्याचे आहेत, रीत दाखवण्यापुरते.) सरकारने फक्त वयाची रेघ ओढली तर ३० ग्रॅमवाला भंगारात जातो आणि ४५ ग्रॅमवाला निर्दोष सुटतो. खतावणीत जुन्या टेम्पोला नव्याइतकेच किलोमीटर धरले तर कागदावर तो दीडशे ग्रॅमचा गुन्हेगार ठरतो.

वयाची रेघ ओढणे सोपे असते, आरसी बुकावर तारीख असते. किलोमीटर आरसी बुकावर नसतात. म्हणूनच राज्याने २०१० पासून जो पर्यावरण कर लावला, तो व्यापारी वाहनाला आठ वर्षांनंतर लागतो. ते किती चालले याची विचारपूस नाही. त्याआधी १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम ही नागरिकांची संस्था उच्च न्यायालयात गेली, व्ही. एम. लाल समिती बसली, २००० साली तिचा अहवाल आला आणि पुढच्या आदेशांत जुन्या टॅक्सींसमोर सीएनजी किंवा भंगार एवढेच दोन रस्ते उरले. टॅक्सीच्या धंद्यात आपले कितीतरी भाऊ होते. न्यायाने बोलायचे तर टॅक्सी दिवसभर फिरते, तिचे किलोमीटर जास्त, आणि सीएनजीने काळा धूर खरोखर उतरला. तो निर्णय आम्ही चुकीचा म्हणणार नाही. पण तोच न्याय दिवसातून दोन फेऱ्या करणाऱ्या मालवाहू टेम्पोला तसाच लावणे म्हणजे घाऊक आणि किरकोळ एकाच भावात मोजणे होय.

उलट डिझेलचे उदाहरण घ्या. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत होते. मुंबईत २०१० पासून बीएस-४ आले, तिथे ५० झाले, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. त्यासाठी कोणाचा टेम्पो भंगारात गेला नाही. सुधारणा तेल शुद्धीकरण कारखान्यात झाली आणि जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांच्या धुरातले गंधक एकदम उतरले. असे उपाय खतावणीत शोधले तर सापडतात.

दिल्लीकरांनी जानेवारी २०१६ मध्ये पंधरा दिवस सम-विषम नंबरची योजना केली. बंधन आले मोटारींवर, दुचाक्यांना सूट. त्याच महिन्यात आयआयटी कानपूरचा अहवाल आला, त्यात गाड्यांच्या बारीक धुरात ट्रक आणि दुचाकींचा वाटा मोटारींपेक्षा कितीतरी मोठा निघाला. आधी खतावणी आणि मग सौदा असा क्रम ठेवला असता तर बरे झाले असते.

आता आपल्या पुलाकडे परत येऊ. वळशाचे तीन किलोमीटर आणि दिवसाला दोन फेऱ्या धरल्या, वर्षाला ३०० दिवस, तर १,८०० किलोमीटर. पाच वर्षांत ९,०००. दहाचा ॲव्हरेज धरला तर ९०० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे सव्वादोन टनांहून अधिक, एकाच टेम्पोचा. यात सिग्नलला उभे राहून इंजिन घरघरत राहिले ते धरलेले नाही. थांबत-रखडत चालणारी गाडी मोकळ्या रस्त्यापेक्षा किलोमीटरला जास्त धूर सोडते, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. पूल बंद करणे जरुरीचे होते, जीव वाचवायचे होते. पण काम वर्षभर लांबले तर धुराचे किती नुकसान, हाही एक आकडा आहे आणि तो पालिकेच्या व रेल्वेच्या खात्यावर पडायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी एल्फिन्स्टनचा जुना पूलही बंद झाला आणि तिथली गर्दी करी रोड, चिंचपोकळी आणि आपल्या डिलाईल रोडवर आली. हा धूर टेम्पोच्या वयाच्या नावावर लिहिला जाऊ नये.

आपलीही बाजू तपासू

केवळ सरकारला बोल लावून चालणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमचा टेम्पो पीयूसीसाठी गेला. नळी नळकांड्यात घातलीसुद्धा नाही, पैसे घेतले आणि प्रमाणपत्र हातात दिले. कोणत्या केंद्रात ते लिहीत नाही. पण आम्हीही ते निमूटपणे घेऊन आलो, हे लिहिले पाहिजे. माप कमी देणाऱ्यांवर कुरआन शरीफमध्ये मुतफ्फिफीन ही सूरह आहे. गज आणि तराजू आपण सांभाळतो, मग धुराच्या मापात खोट चालवून कशी घ्यायची? बीडीडी चाळीतली, म्हाडाच्या इमारतीतली मुले याच रस्त्याने शाळेत जातात. आमचे हमाल दिवसभर याच नळकांड्यामागे उभे राहून गाठी उतरवतात. आणि जादा माल भरून चढावावर काळा धूर सोडणारा टेम्पो आपल्याच मालाचा असतो.

धंद्याची रीतही बदलली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कापूस आत गेला की एकाच आवारात सूत, विणाई, रंगाई होऊन कापड बाहेर येई. चिमणीचा धूर दिसत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या; आता सूत एका गावाहून, विणाई भिवंडी-मालेगावच्या मोमीन-अन्सारी भावांच्या मागावर, रंगाई तिसरीकडे, आणि विक्री मुंबईत. चिमणी गेली, पण त्याच कापडाचा धूर शेकडो किलोमीटर रस्त्यावर पसरला. तो कोणाला दिसत नाही, एवढेच. त्यातही कितीतरी टेम्पो परतीला रिकामे येतात, म्हणजे डिझेल जळाले आणि कमाई शून्य.

आमच्या ओळीतल्या तीन दुकानदारांनी गेल्या वर्षापासून भिवंडीचा माल एकाच टेम्पोत आणायला सुरुवात केली. आधी भांडणे झाली: कोणाची गाठ आधी उतरायची, भिजली तर भरपाई कोणी द्यायची. आता आठवड्याच्या सहा फेऱ्यांच्या जागी तीन होतात. भाड्यात जो फरक पडला तो आम्हाला कळतो, धुरातला फरक खतावणीवाल्यांना कळावा यासाठी लेखी ठेवला पाहिजे.

म्हणून एक साधी सूचना आहे. प्रत्येक टेम्पोमालकाने शंभर पानी वही घ्यावी. सकाळी मीटरचा आकडा, संध्याकाळी मीटरचा आकडा, किती लिटर भरले, भरून गेला की रिकामा आला, कुठे किती वेळ अडकला. ड्रायव्हरला लिहिता येत नसेल तर आकडे तोंडी घेऊन दुकानात मुनीमाने लिहावेत. सहा महिन्यांच्या वह्या जमल्या की व्यापारी मंडळाने त्यांची बेरीज करून परिवहन आयुक्तांच्या कार्यालयात आणि जी समिती बसेल तिच्यापुढे अर्जासोबत जोडावी. अर्जात मागणी दोनच ठेवावी: बंदी किंवा कर वयावर नको, वय, किलोमीटर आणि खऱ्या तपासणीतला धूर या तिन्हींवर असावा; आणि विजेचा किंवा सीएनजीचा टेम्पो घेताना लहान मालकाला जुन्याची रास्त किंमत व हप्त्यांची सोय मिळावी. ज्यांना व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही त्यांच्यासाठी मंडळांनी बिनव्याजी निधीचा विचार आतापासून करावा, आदेश आल्यावर सहा महिन्यांत तो उभा राहणार नाही.

आमच्या टेम्पोची वही गेल्या मोहरमपासून चालू आहे. पहिल्या महिन्यात ड्रायव्हरने अकरा दिवस आकडे लिहिलेच नाहीत. विचारले तर म्हणाला, सेठ, त्या दिवशी करी रोडला एवढा अडकलो की वही काढायची याद राहिली नाही. आम्ही त्याला सांगितले, अरे, तेच तर लिहायचे होते.