खात्यातले २८ दिवस

पश्चिम द्रुतगती महामार्गावर दहिसरचा चेकनाका ओलांडला की थोड्याच अंतरावर ठाणे जिल्ह्यातल्या मीरा-भाईंदर शहरातला पेणकरपाडा. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून नाका ओलांडून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी इथं आणि मीरा रोडच्या आसपास वीस-वीस वर्षं हप्ते भरून घर उभं केलं. बरीचशी कमाई भिंतींत गेली. उरलेली पीएफमध्ये, एलआयसीत, थोडी लेकीच्या लग्नासाठी म्हणून सोन्यात. अशा घरातल्या मुलीला इंग्लंडच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र येतं तेव्हा घरच्यांना वाटतं, अवघड होतं ते पार पडलं. पण प्रवेश देतं विद्यापीठ आणि देशात पाऊल ठेवायची परवानगी देतं सरकार. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत, आणि दुसरीत मार्कांइतकाच, कधी त्याहून जास्त, पैशांच्या कागदांचा कस लागतो.

ब्रिटनचंच बघा. विद्यापीठानं ‘कॅस’ नावाचा क्रमांक दिला की विद्यार्थी-व्हिसाचा अर्ज करता येतो. त्या कागदावर फी किती आणि त्यातली किती भरली हे लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम अर्जदाराला दाखवावी लागते. नोव्हेंबर २०२५पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. समजा विद्यापीठ लंडनबाहेर आहे, फी १८,००० पौंड आणि त्यातले ५,००० भरून झालेत. उरले १३,०००, त्यात राहण्याचे १०,५३९. एकूण २३,५३९ पौंड. पौंड १२० रुपयांचा धरला तर अठ्ठावीस लाखांच्या वर.

आता खरी मेख. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी. मधे एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शिवाय त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांहून जुना चालत नाही. खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं हवं. आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडायचं. मामा, काका, आजोबा यांचं खातं चालत नाही. आपल्याकडे भाचीच्या शिक्षणाला मामानं उभं राहणं ही अगदी साधी गोष्ट, पण तो पैसा मामाच्या खात्यात असेपर्यंत या नियमापुढे त्याला किंमत नाही. तो आधी आई-वडिलांच्या खात्यात यायला हवा आणि तिथं २८ दिवस राहायला हवा. फ्लॅटची किंमत, शेअर, पीएफची शिल्लक यांतलं काहीही रोख म्हणून धरलं जात नाही. साठ लाखांचा फ्लॅट असलेलं कुटुंब या हिशेबात रिकाम्या हातांचं ठरतं, ते असं.

म्हणून बहुतेक मध्यमवर्गीय घरांसाठी व्हिसाचा रस्ता शैक्षणिक कर्जातून जातो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं कर्जमंजुरीचं पत्र नियमात बसणारं असेल तर २८ दिवसांची अट उरत नाही. पण कर्जालाही तारण लागतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यावरच्या रकमेला घर, जमीन किंवा ठेव लागते. इथं मीरा-भाईंदरचं जुनं दुखणं आडवं येतं. भोगवटा प्रमाणपत्र न मिळालेल्या इमारती या शहरात कमी नाहीत, आणि कागद अपुरे असलेलं घर तारण घ्यायला बँक तयार होत नाही. मग काही घरं जास्त व्याजाच्या खासगी वित्तसंस्थेकडे वळतात. मुलांची बारावी व्हायच्या आतच सोसायटीच्या कमिटीनं हे कागद मार्गी लावले तर पुढची मोठी धावपळ वाचेल. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, मात्र जुन्या करपद्धतीत.

पैशाअभावी शिक्षण तुटणं मराठी माणसाला नवीन नाही. याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. तेव्हा विद्यार्थी-व्हिसा नावाची गोष्टच नव्हती, अडसर होता तो समुद्रपर्यटनाच्या निषेधाचा आणि पैशांचा. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते १९२०मध्ये पुन्हा गेले आणि १९२३मध्ये डी.एस्सी. झाले.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावानं राज्याचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. दर वर्षी ७५ जागा. इतर मागासवर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या त्या विभागांच्या वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र हा व्हिसासाठी पैशाचा भक्कम पुरावा असतो. पण निवड यादी उशिरा लागली तर विद्यापीठाची मुदत टळू शकते. या विभागांनी यादी लवकर लावणं ही विद्यार्थ्यांसाठी करता येण्याजोगी फार मोठी गोष्ट आहे.

जर्मनीची रीत वेगळी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. सत्राचं थोडं शुल्क भरायचं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. फी नसली तरी राहण्याचा खर्च आधी दाखवावाच लागतो. त्यासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाचं खातं काढून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे. तिथं पोचल्यावर दरमहा ९९२ युरो हाती येतात, एकदम सगळे काढता येत नाहीत. मामाची मदत इथं सरळ कामी येते, कारण पैसा विद्यार्थ्याच्या नावे कुलुपात बसतो. दुसरी अट कागदांच्या खरेपणाची. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीच्या एपीएस केंद्राकडून गुणपत्रिका तपासून घेऊन प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी हाती घ्यावं. आपली बारावी झाल्यावर तिथं थेट पदवीला प्रवेश मिळेलच असंही नाही. म्हणूनच इथं पदवी घेऊन एम.एस.साठी जाणारे जास्त. शिकताना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे, तिचा उपयोग आजच्या मुलांनी जरूर करावा. वर्गात इंग्रजी चालेल, पण भाडेकरार आणि अर्धवेळ काम बहुतेकदा जर्मनमध्येच असतं.

अमेरिकेत कागदाइतकंच महत्त्व समोरासमोरच्या मुलाखतीला. मान्यताप्राप्त विद्यापीठ ‘आय-२०’ हा फॉर्म देतं, त्यावर वर्षाचा खर्च आणि पैसा कुठून येणार हे छापलेलं असतं. त्याच्या आधारे एफ-१ व्हिसाचा अर्ज. ‘सेविस’ या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर वेगवेगळे भरायचे. मग मीरा रोडहून लोकलनं वांद्रे, तिथून बीकेसी. एकदा बोटांचे ठसे द्यायला, दुसऱ्यांदा वकिलातीत मुलाखतीला. दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. अमेरिकी कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं असतं. हाच अभ्यासक्रम का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, या तीन प्रश्नांची साधी, खरी, स्वतःची उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्यानं घाबरू नये. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं उत्तर अधिकाऱ्याला लगेच कळतं. तेच वाक्य त्यानं सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं.

२०२३-२४मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे त्या वर्षी चीनपेक्षाही जास्त. पण तिथले नियम एका रात्रीत बदलू शकतात. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेनं जगभर विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं, ऐन ऑगस्टच्या प्रवेशाच्या तोंडावर. १८ जूनला ते पुन्हा सुरू झालं तेव्हा समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना खुली ठेवण्याची नवी अट आली. त्या तीन आठवड्यांत ज्यांची वेळ ठरायची होती त्यांची झोप उडाली.

कॅनडात जानेवारी २०२४पासून विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली गेली आणि बहुतेकांना प्रांताचं शिफारसपत्र सक्तीचं झालं. झटपट परवान्याची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियानं सबक्लास ५०० या विद्यार्थी-व्हिसाची फी जुलै २०२५मध्ये २,००० डॉलरवर नेली. अर्ज फेटाळला तरी ही फी परत मिळत नाही.

वैद्यकीयची वाट निराळी आहे आणि तिच्यावर फसगत फार होते. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांचा व्हिसा तुलनेनं सहज मिळतो, पण परत येऊन इथं डॉक्टरकी करता येईल का, हा खरा प्रश्न. भारताच्या २०२१च्या नियमांनुसार ‘नीट’ परीक्षा उत्तीर्ण असायला हवं, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी, आणि शेवटी भारतातली परीक्षा ३००पैकी १५० गुणांनी पार करायला हवी. यातली एक अट हुकली तरी पाच-सहा वर्षं आणि वडिलांची पुंजी दोन्ही वाया जातात.

एक अडचण खास आपल्या नावांची. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचंही नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. बँकेच्या पासबुकावर नुसती आद्याक्षरं. इथं हे कुणाला खटकत नाही, परदेशी कारकुनाला मात्र ही तीन माणसं वाटू शकतात. पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव अर्जात लिहावं, आणि जिथं फरक आहे तिथं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. कलिन्याला विद्यापीठाच्या परीक्षा भवनातून ट्रान्सक्रिप्ट काढायलाही दिवस जातात. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी लागते. १ ऑक्टोबर २०२०पासून मीरा रोडचा हा परिसर मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात आहे, ठाणे ग्रामीणमध्ये नाही.

राहिला प्रश्न एजंटाचा. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्याला १९८३च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे. शिक्षणासाठी सल्ला देणारा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. चांगले सल्लागार आहेत, पण अनेकांना कॉलेजकडून कमिशन मिळतं आणि सल्ला त्या बाजूला झुकतो. २०२३मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची, मुख्यतः पंजाबी मुलांची, प्रवेशपत्रंच बनावट निघाली. कित्येकांना ते शिकून, नोकरीला लागल्यावर कळलं. त्यानंतर डिसेंबर २०२३पासून कॅनडा प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळून घेऊ लागला. त्याआधी २०१९मध्ये अमेरिकेच्या यंत्रणेनंच मिशिगनमध्ये फार्मिंग्टन नावाचं खोटं विद्यापीठ चालवून शंभरावर भारतीयांना ताब्यात घेतलं होतं. तिथं वर्गच भरत नव्हते. कागद खोटा ठरला तर प्रवेशबंदी विद्यार्थ्यावर येते. कॅनडात पाच वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत कायमची. म्हणून महिनाभर भाड्यानं शिल्लक ‘दाखवून’ देणाऱ्याच्या नादी कुणीही लागू नये. असा पैसा अचानक कुठून आला हे स्टेटमेंटवर स्पष्ट दिसतं.

अर्जाचं लॉगिन आणि पासवर्ड विद्यार्थ्याच्याच हाती ठेवा, न वाचता सही करू नका. विद्यापीठाचं नाव त्या देशाच्या सरकारी यादीत आहे की नाही ते स्वतः तपासा. ब्रिटनचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. सप्टेंबरचा प्रवेश असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण रक्कम योग्य खात्यात आलेली असावी किंवा कर्जाचं मंजुरीपत्र हातात असावं, आणि त्यासाठी बँकेत पहिली फेरी जानेवारीतच मारावी.