घरच्या घरी रॅप (लेखांक ७) : मिलिटरी हिरव्याची फर्माईश

मोटरसायकलच्या टाकीवर विनाइल फिल्म चढवायचं काम आणखी एक आठवडा लांबलं. मागचा लेखांक वाचून ज्यांनी उत्साहाच्या भरात ती उतरवून ठेवली असेल, त्यांनी उरलंसुरलं पेट्रोल काढावं, नळीचं तोंड बंद करावं आणि टाकी जुन्या चादरीत गुंडाळून स्वयंपाकघरापासून लांब ठेवावी. मध्येच वणीतल्या एका द्राक्षबागायतदाराचा प्रश्न आला आहे, आणि तो टाकीला हात लावायच्या आधीच सुटलेला बरा.

बागायतदाराकडे काळी बुलेट आहे. तिला मॅट मिलिटरी हिरव्या रंगाचं विनाइल लावायचं मनात आहे. मडगार्ड, साईड पॅनल, टाकी, सगळं. नवरात्राच्या आत होईल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

काम नवरात्राच्या आत होईल. पण तो हिरवा नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला १२१ क्रमांकाचा नियम ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. तुमच्याआमच्या गाडीला तो चालत नाही. हिरव्याशी कायद्याचं वैर नाही. पोपटी लावा, बाटलीसारखा गडद लावा. आडवा येतो तो लष्करी ट्रकवरचा मातकट ऑलिव्ह. आणि रॅपच्या कॅटलॉगात भाव खाऊन जातो तोही नेमका हाच, कधी ‘मिलिटरी’, कधी ‘आर्मी मॅट’ अशा नावांखाली. विकणारा विकून मोकळा होतो. गाडी मात्र चौकात मालकाला उभी करावी लागते.

यावर बागायतदारांचा युक्तिवाद तयारच होता. रंग दिलाय कुठे? चिकटवलाय. उद्या म्हणाल तर सोलून काढतो. युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि रॅप लावणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी तो करतो. पण रस्त्यावरच्या हवालदाराला गाडी दिसते ती हिरवी. हिरवेपणा डब्यातून आला की रोलमधून, हे तो नखानं खरवडून बघत नाही. त्यात नवरात्रात सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेल्या खासगी गाड्या गडाच्या पायथ्याशी नांदुरीलाच अडवतात आणि पुढचा घाट एसटीनं चढावा लागतो. म्हणजे पोलीस बंदोबस्तासमोर ही बुलेट उभी राहण्याचा योग ठरलेलाच!

ऑलिव्ह सोडून दुसरा कुठला रंग निवडला तरी आरसी पुस्तक राहतंच. गाडीचा रंग हा त्यात नोंदलेला तपशील आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदीत आणि गाडीत असा फरक पडू देत नाही. काळी बुलेट नखशिखान्त तपकिरी करायची असेल तर आरटीओत अर्ज करून नवा रंग पुस्तकावर चढवून घ्यावा, विमा कंपनीलाही कळवावं. गाडी चोरीला गेली की फिर्यादीत काळी आणि शोधायची तपकिरी, असा गोंधळ होतो. एखाद्या पॅनलवरच्या पट्ट्यासाठी मात्र कोणी एवढा खटाटोप करत नाही.

ऑलिव्हची गोष्ट केवळ कागदावरची नाही. २०१८ साली रॉयल एनफील्डनं क्लासिक ५०० ची ‘पेगॅसस’ नावाची आवृत्ती काढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी या कंपनीनं आरई/डब्ल्यूडी १२५ ही चिमुकली मोटरसायकल बनवली होती. सैनिक तिला ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणजे उडती पिसू म्हणत. विमानातून छत्रीला बांधून ती खाली सोडता येई. तिच्या आठवणीत जगभरासाठी पेगॅससच्या फक्त १,००० गाड्या निघाल्या, त्यातल्या २५० भारतासाठी. परदेशात ती दोन रंगांत मिळाली, सर्व्हिस ब्राऊन आणि ऑलिव्ह. भारतात फक्त ब्राऊन. गाडी बनवणारी कंपनी इथली, कारखाना चेन्नईचा, आणि तिचा ऑलिव्ह अवतार इथल्याच गिऱ्हाइकाला नाही! त्याच वर्षी भारतीय सैन्याला मानवंदना म्हणून क्लासिक ३५० ची ‘सिग्नल्स’ आवृत्ती आली. तिचे रंग होते एअरबोर्न ब्लू आणि स्टॉर्मरायडर सँड. निळा आणि वाळूचा. हिरव्याच्या वाटेला कंपनी गेलीच नाही.

बागायतदारांना लेखकानं हेच सुचवलं आहे: सर्व्हिस ब्राऊन, नाहीतर वाळूचा रंग. दोन्ही लष्करी थाटाचे आहेत, आणि वणीच्या धुळीत वाळूचा रंग धुतल्यासारखाच दिसतो, हा वरचा फायदा.

गंमत पुढेच आहे. अख्ख्या गाडीला रंगाऐवजी फिल्म लावायची ही कल्पना वाढली तीच सरकारी रंगाच्या सक्तीतून. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग बंधनकारक होता. तिकडच्या रंगपट्टीत त्याचा क्रमांक आरएएल १०१५. मर्सिडीज घेऊन टॅक्सी चालवणाऱ्याची पंचाईत अशी, की चारपाच वर्षांनी विकायला काढली की हस्तिदंती गाडीला खासगी गिऱ्हाईक मिळेना. पुन्हा रंगवावी तर खर्च. १९९३ मध्ये केपीएमएफ या कंपनीनं त्यावर उपाय म्हणून रंगाच्या जागी लावायची फिल्म बनवून दिली. काळी मर्सिडीज घ्यायची, तिला हस्तिदंती कातडं चढवायचं, टॅक्सी चालवायची आणि विकताना कातडं सोलायचं. आत रंग कोरा करकरीत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीला हे सुख कधी लाभलं नाही. तिच्या अंगावर ब्रशचे थरावर थर चढत गेले.

म्हणजे जर्मन टॅक्सीवाल्यानं कायदा पाळण्यासाठी जे चिकटवलं, ते आपले बुलेटवाले कायद्याला वळसा घालण्यासाठी मागतात.

आता ही फिल्म आणायची कुठून? वणीत काय किंवा दिंडोरीत काय, पाय आपसूक वळतात ते रेडियमच्या दुकानाकडे. इथे थोडं विषयांतर, कारण हा शब्द लेखकाचा जुना लाडका आहे. रेडियम हे मूलद्रव्य क्युरी दांपत्यानं १८९८ मध्ये शोधलं, आणि पुढे घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून ते रंगात मिसळू लागले. ट्रकच्या पाठीमागची लाल-पिवळी पट्टी ही त्याची कोणीच नव्हे. तिच्यात बारीक काचमणी किंवा लोलक असतात आणि ते हेडलाइटचा उजेड आल्या वाटेनं परत पाठवतात. उजेड नसेल तर पट्टीही आंधळी. पण ‘अंधारात चमकतं ते रेडियम’ असं नाव एकदा पडलं, आणि मग न चमकणारी साधी रंगीत फिल्मसुद्धा रेडियमच झाली. ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ ही अक्षरं कटर प्लॉटरवर कापून देणारा तो रेडियमवाला, आणि त्याचा माल फुटावर मिळणारा.

विषयांतर इथे कामाला येतं. अक्षरांसाठीची ती स्वस्त फिल्म तापलेल्या रुळांतून लाटून काढलेली असते, पोळी लाटावी तशी. लाटलेली चीज ताणली की मागे यायला बघते. रॅपसाठी हवी ‘कास्ट’ फिल्म: पातळ द्रव पसरून, भट्टीतून नेऊन केलेली. ती सुमारे पन्नास मायक्रॉन जाडीची, लाटलेलीपेक्षा पातळ असते आणि वळणावर निमूट बसते. दुकानदारानं ‘दोन्ही सारखंच’ म्हटलं तर दोन बोटं रुंद तुकडा मागून घ्यावा, दुकानाबाहेर उन्हात धरावा आणि वाकवून बघावा. ताठपणा हाताला लगेच कळतो.

टाकी नसली तरी हात रिकामे ठेवायचं कारण नाही. या आठवड्यात एक साईड पॅनल करावं, तेही मागच्या चाकाच्या चिखलाकडचं नको, दिसणारं. पॅनल साबणानं धुवून वाळवावं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं दोनदा पुसावं. सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीवर चकाकीचं सिलिकॉन फासलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण गोंद त्यावर धरत नाही. फवारणीच्या हंगामात बागेतून फिरलेल्या गाडीवर गंधकाची आणि बोर्डो मिश्रणाची पुटं असतात, तीही अशीच. पंखा बंद, फरशीवर पाण्याचा हलका सडा, आणि काम सकाळी. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये फिल्म इतकी मऊ पडते की बोटांचे ठसे उमटतात.

पॅनलवर फिल्म पसरून ती दाबायची पट्टी मधून कडेकडे ओढायची. कड मागे सेंटिमीटरभर वळवायची आणि तिथेच थांबायचं. वळण घ्यायला घरातला हेअर ड्रायर पुरतो. शेवटच्या तापवणीला हीट गन लागते, कारण वळवलेल्या कडा ९०-१०० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय फिल्म आपला मूळ आकार विसरत नाही. खोटं वाटत असेल तर उरलेली चिंधी दुप्पट ताणून तिच्यावर नुसता ड्रायर धरावा. आक्रसून पहिल्यासारखी होते. पॅनलवर हेच महिन्याभरानं घडतं आणि मग दोष गोंदाला दिला जातो.

दसऱ्याचं एक राहिलं. गाडीची पूजा सगळेच करतात; टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडू. चकचकीत रंगावरून हे ओल्या फडक्यानं निघतं. मॅट फिल्मचा पृष्ठभाग मात्र खरबरीत असतो आणि हळद त्यात शिरून बसते. तेलातला शेंदूर तर विचारूच नका. स्वस्तिक हेडलाइटच्या काचेवर काढावं, किंवा त्याच संध्याकाळी सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसावं. घासू नये. घासलेली मॅट जागा चमकते आणि ती चमक पुन्हा मॅट होत नाही.

बागायतदारांचं उत्तर परवा आलं. वाळूचा रंग मान्य आहे, पण टाकी काळीच ठेवणार म्हणतात. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा चेन्नईत कारागीर हातानं ब्रशनं ओढत आले आहेत, आणि त्या झाकायला लेखकानंच मोडता घातला होता. त्यामुळे पुढच्या आठवड्यात ज्या टाकीवर काम करायचं ती आता दुसऱ्या कुणाची तरी शोधावी लागेल. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची कड कुठे कापायची, हेही तेव्हाच.