राक्षसालाही घर हवं होतं

कॉलेजात ‘फ्रँकेन्स्टाइन’ वाचली तेव्हा नुसती भीती वाटली होती. परवा पुन्हा वाचली, तर डोळेच भरून आले. १८१८ साली आलेली ही कादंबरी मेरी शेलीची. तिची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. कथेतला व्हिक्टर प्रयोगापायी घरच्यांना विसरतो आणि स्वतः घडवलेल्या जिवाला नावही न देता टाकून पळतो. तो जीव भिंतीच्या फटीतून एका गरीब कुटुंबाचं प्रेम पाहतो, त्यांच्यासाठी गुपचूप सरपण आणतो. समोर येताच मात्र मार खातो. मग सूडाने पेटतो.

आमच्या संस्थेतही कुणालाच नको असलेली, मारकुटी मुलं येतात. हल्ली एखादा अंगावर धावून आला, की मी आधी विचारते, “बाळा, जेवलास का?”