भुवई उचलणारा शेजारी

कुत्र्याच्या भुवईच्या आतल्या टोकापाशी एक बारीकसा स्नायू असतो. तो आकसला की भुवई वर चढते, डोळे मोठे आणि जरा उदास दिसू लागतात, आणि आपल्या हातातला पोळीचा तुकडा आपोआप खाली जातो. २०१९ साली पोर्ट्‌समथ विद्यापीठाच्या युलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांचे स्नायू शेजारी शेजारी तपासले. कुत्र्यांमध्ये हा स्नायू ठळक होता. लांडग्यांमध्ये त्या जागी जेमतेम काही तंतू होते. बाकी चेहरा जवळजवळ सारखाच! माणसाच्या सोबतीनं राहता राहता एका प्राण्याचा चेहरा बदलला, आणि बदलला तो नेमका तिथे, जिथे आपली नजर पडते.

नागपुरात प्रताप नगरच्या चौकात पानठेल्याच्या सावलीत पसरलेलं गावठी कुत्रं मान न उचलता नुसती भुवई उचलून आपल्याकडे बघतं, तेव्हा एवढं सगळं त्या एका हालचालीत असतं.

त्या बघण्याचं पुढे काय होतं, हे जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांनी २०१५ साली मोजलं. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत जितका जास्त वेळ बघत राहिले, तितकं दोघांच्याही शरीरातलं ऑक्सिटोसिन वाढलं. आई बाळाला जवळ घेते तेव्हा स्रवतं तेच हे संप्रेरक. माणसांनीच लहानाचे मोठे केलेले लांडगेही त्यांनी तपासले; त्यांच्यात असं काही घडलं नाही. एका जातीच्या प्राण्यानं दुसऱ्या जातीच्या मायेची वाट शोधून काढावी, याचं मला कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं.

हे सगळं पाळलेल्या, पट्टा बांधलेल्या कुत्र्यांचं झालं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचं काय? त्यांच्यावर जगात फार थोड्यांनी काम केलंय, आणि त्यात आघाडीवर आहेत कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्र. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांपैकी काहींना त्यांच्या गटानं रोज खाऊ दिला आणि काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. काही दिवसांनी जास्त विश्वास कुणी टाकला असेल? कुरवाळलेल्या कुत्र्यांनी. ज्यांना दगड आणि हाडहुड हेच रोजचं, त्यांना बिस्किटापेक्षा हात मोठा वाटला. याच गटाच्या २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात एक जड आकडाही आहे. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच सात महिन्यांची होईपर्यंत जगतात, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे माणूस असतो. म्हणून आपल्या गल्लीतलं मोठं झालेलं प्रत्येक कुत्रं बरंच काही पार करून आलेलं असतं.

आता माणसाच्या बाजूनं बघू. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या भागांत अशी पुष्कळ घरं आहेत की मुलं पुण्या-बंगळुरूला, आणि घरात दोघं किंवा एकटंच कुणीतरी. निवृत्तीनंतर दिवस मोकळा होतो आणि तोच अंगावर येतो. अशा घरात एक कुत्रं आलं, किंवा फाटकाशी रोज येऊन बसू लागलं, की दिवसाला पुन्हा वेळा येतात. सकाळी सहाला बाहेर न्यायचं, संध्याकाळी पोळ्या दोन जास्त लाटायच्या, नवतप्याचं कडक ऊन सुरू झालं की मातीच्या भांड्यातलं पाणी दुपारीही बदलायचं, कारण कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पायांच्या तळव्यांनाच, बाकी बहुतेक उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकतच घालवावी लागते.

या कष्टातून बरं कसं वाटतं? १९७६ साली अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. काहींना एकेक रोपटं देऊन सांगितलं, याची काळजी तुमची, आणि तुमच्या दिवसाचे निर्णयही तुमचे. इतरांनाही रोपटी मिळाली, पण पाणी परिचारिका घालणार. पहिल्या गटातली म्हातारी माणसं अधिक तरतरीत झाली, लोकांत मिसळू लागली. मला यातली मेख अशी दिसते की बळ येतं ते कुणाला तरी आपली गरज आहे यातून. रोपटं गप्प असतं. कुत्रं तर दाराशी येऊन गरज सांगतं, आणि आपण आल्याचा आनंदही अंगभर दाखवतं.

दुसरी गोष्ट माणसांमधली. वॉरिक विद्यापीठातल्या एका अभ्यासात एकच माणूस कधी नीटनेटक्या, कधी गबाळ्या कपड्यांत रस्त्यानं फिरला. कधी कुत्र्यासोबत, कधी एकटा. कुत्रा असला की अनोळखी लोक कितीतरी जास्त बोलले, आणि कपड्यांपेक्षा कुत्र्याचा फरक मोठा ठरला. आपल्याकडे याला प्रयोगशाळा लागत नाही. वर्षानुवर्षं नुसती मान हलवून जाणारे शेजारी एक दिवस थांबून विचारतात, “काका, हा आज लंगडते काहून?” आणि मग काकांच्या गुडघ्याचीही चौकशी होते.

स्वीडनमध्ये ३४ लाख लोकांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्के कमी आढळला. मुळात धडधाकट माणसंच कुत्रा पाळत असतील, हीही शक्यता आहेच. पण सर्वांत मोठा फरक एकट्यांमध्ये दिसावा, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ही माया किती जुनी? जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि एक पिल्लू. पिल्लाच्या दातांवरून पुढे कळलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर आजार झाला होता आणि आजारात ते कित्येक आठवडे जगलं. कुणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय हे अशक्य. शेती अजून जन्मली नव्हती, आणि शिकारीच्या काहीच उपयोगाचं नसलेलं आजारी पिल्लू कुणीतरी सांभाळत होतं. संत नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, ही आपली आवडती कथाही त्याच मायेची.

नागपुरात या मायेची गोष्ट कोर्टातही गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घेऊन घरी न्या. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मात्र कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईची भीतीही खरी आहे, आणि रेबीज झाला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. उपाय माहीत आहे: परिसरातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. प्रश्न कुत्रं हाती लागण्याचा असतो. गाडी दिसताच पळणारं कुत्रं रोज पोळी देणाऱ्या काकूंच्या हाकेला मात्र येतं, त्यांनी धरून ठेवलं तर सुईही टोचू देतं.