नेमके विष

मेंदूच्या एखाद्या भागाचे कार्य जाणण्याचा जुना मार्ग म्हणजे तो भाग कापून काढणे व काय बिघडते ते पाहणे. परंतु निरनिराळ्या जातींच्या मज्जापेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि सुरीला जात कळत नाही. विषाला मात्र ती कळविता येते.

आपल्याकडे जसा रिठा, तसे युरोपात कपडे धुण्यास सॅपोनेरियाचे रोप वापरीत. त्याच्या बियांतील सॅपोरिन हे प्रथिन पेशीत शिरले, की तिचे प्रथिने घडविण्याचे काम बंद पाडते. एकट्याला त्याला आत सहसा शिरता येत नाही. १९९७ साली पॅट्रिक मँटी व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी ते ‘सबस्टन्स पी’ या वेदनेचा निरोप नेणाऱ्या द्रव्यास जोडून उंदरांच्या मज्जारज्जूभोवती सोडले. तो निरोप घेणाऱ्या पेशींनी विषही आपण होऊन आत घेतले, आणि त्या मेल्या, शेजारच्या वाचल्या. मिरचीतील दाहक द्रव्य टोचल्यावर जी वेदना भडकते ती पुष्कळच ओसरली. साध्या टोचणीची जाणीव मात्र शाबूत राहिली. वेदनेचा भडका वाहणाऱ्या पेशी निराळ्या, हे असे उघड झाले.

मेलेली मज्जापेशी परत येत नाही. म्हणून माणसावर हे विष योजण्यापूर्वी फार सावधगिरी हवी. हाडांच्या कर्करोगाने कण्हणाऱ्या कुत्र्यांना मात्र त्याने आराम पडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.