गाडी चोवीसची, टेप बाराचा : मधूनच वायर काढू नका!



गाळप हंगामात पहाटेच्या थंडीत एक देखावा हमखास दिसतो. ट्रक उसाने भरून फडाच्या बांधावर उभा असतो. ड्रायव्हर सेल्फ मारतो, इंजिन नुसते कण्हते आणि गप्प बसते. भरलेली गाडी काही माणसांच्या धक्क्याने हलत नाही. मग ट्रॅक्टर शोधा, साखळी आणा! तोवर ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घटतो आणि दिवसाची खेप बुडते ती वेगळीच.

अशाच एका वाहतूकदार सभासदांनी आम्हांला विचारले, “साहेब, दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी घेतल्या. मग एकच का उतरते, अन् दुसरीचं पाणी का आटतं?” उत्तर बॅटरीत नव्हतेच. ते केबिनमधल्या टेपच्या वायरीत होते.

आपल्या मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून हे २४ व्होल्ट होतात. ट्रॅक्टर, जीप आणि कार मात्र १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे बाजारातला टेप, पंखा किंवा हवेचा छोटा पंप बहुधा १२ व्होल्टचाच मिळतो. तो थेट २४ वर जोडला तर जळणार. म्हणून आपला मिस्त्री दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून वायर काढून देतो. टेप वाजतो, खर्च काहीच नाही, सगळे खूष!

पण हिशेब इथेच चुकतो. समजा, टेप व पंखा मिळून ३ अँपिअर घेतात आणि गाडी नंबर लागेपर्यंत गाडीतळावर ८ तास उभी आहे. म्हणजे एकाच बॅटरीतून २४ अँपिअर-तास गेले, दुसरीतून काहीच नाही. गाडी सुरू झाल्यावर अल्टरनेटर सुमारे २८ व्होल्टने दोन्हींना मिळून चार्ज करतो. दोन्हींतून करंट सारखाच जातो. एक बैल भुकेला आणि दुसरा पोटभर जेवलेला, तरी दोघांपुढे वैरण सारखीच टाकली, असा हा प्रकार. भरलेली बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळते, तिचे पाणी उडते. रिकामी कधीच पुरती भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर पांढरा सल्फेट धरतो. काही दिवसांत दोन्ही निकामी! सेल्फचा करंट दोन्हींतून जावा लागतो. त्यामुळे एक दुबळी झाली तरी गाडी अडते.

दुसरा धोका आगीचा. वरच्या, म्हणजे चॅसिसला न जोडलेल्या बॅटरीवरून टेप जोडला आणि त्याची बॉडी केबिनच्या पत्र्याला टेकली, तर सरळ शॉर्ट होते. फ्यूज नसेल तर वायर पेटायला वेळ लागत नाही.

मग काय करावे?

(१) २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा. तो दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो. १२ व्होल्ट, १० अँपिअरचा चांगला कन्व्हर्टर पूर्ण भारावर २४ च्या बाजूने साधारण ६ अँपिअर घेतो. आपल्या सामानाचे अँपिअर मोजून त्याहून थोडा मोठा घ्यावा.

(२) नुसता रेझिस्टन्स लावून काम भागवू नये. भार कमी-जास्त झाला की त्याचा व्होल्टेज बदलतो आणि तो तापतो तो वेगळाच.

(३) कन्व्हर्टरच्या २४ व्होल्टच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज लावावा व मध्ये स्विच ठेवावा. कन्व्हर्टर हवा लागेल अशा जागी बसवावा, गादीखाली दाबू नये.

(४) मोबाइलचा चार्जर घेताना त्यावरचे अक्षर वाचावे. ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिले असेल तर तो थेट चालतो, कन्व्हर्टरची गरज नाही.

(५) १२ चे दोन दिवे एकापुढे एक जोडले तर २४ वर चालतात, पण दोन्ही सारख्याच वॅटचे हवेत आणि एक गेला की दोन्ही विझतात. मागच्या दिव्यांसाठी ही युक्ती मुळीच करू नये. रात्रीच्या रस्त्यावर तो जिवाचा प्रश्न आहे.

ज्यांनी आधीच मधून वायर काढली आहे त्यांनी ती सोडवावी. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने तपासाव्यात. एक बाद निघाली तर जोडीच बदलावी, कारण नवीजुनी जोडी चालत नाही. काम करताना मायनसची वायर आधी सोडावी आणि बिडी-काडी लांब ठेवावी. चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो.

कन्व्हर्टरला चार पैसे लागतील, पण दोन बॅटऱ्यांपुढे ते काहीच नाहीत. गाणी जरूर ऐका, पण पहाटे सेल्फला गाडी उठली पाहिजे. गाडी वेळेवर उठली तर ऊस ताजा गव्हाणीत पडेल, आणि त्यातच आपल्या सर्वांचे हित आहे.