‘दुसरं मन’ किती वेगळं?

तुल्पा : एकाग्र कल्पनेतून मुद्दाम घडवलेली, स्वतंत्र मन असल्यासारखी जाणवणारी सोबत. मूळ शब्द तिबेटी. पाश्चात्त्यांत तो पोहोचला अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांच्या 1929च्या पुस्तकामुळे. मात्र आजचा अर्थ तिबेटी बौद्ध परंपरेपेक्षा बराच निराळा.

अंगात येणं वेगळं : तिथे देव किंवा भूत बाहेरून येतं, अशी समजूत असते. तुल्पा घडवणाऱ्याला ती आपणच घडवल्याचं ठाऊक असतं.

नागपूरची ‘शारदा’ : 1974 पासून एका मराठीभाषक अध्यापिकेत अधूनमधून प्रकटणारं व्यक्तिमत्त्व. शारदा बंगाली बोले, मराठी कळत नसल्याचं दाखवी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालमधलं आयुष्य सांगे. (तुल्पा नव्हे, हे कुणी ठरवून घडवलं नव्हतं.) संशोधक इयान स्टीव्हन्सन यांनी 1984च्या पुस्तकात आणि वि. वि. अकोलकर यांनी 1992 मध्ये प्रकरण मांडलं. न शिकलेली भाषा बोलण्याच्या दाव्यावरल्या आक्षेपाचं मूळ त्याच नोंदींत : बाईंनी शाळेत असताना बंगाली वाचनाचे थोडे धडे घेतले होते.

टोरांटोचा ‘फिलिप’ : 1972 मध्ये एका गटाने रचलेलं काल्पनिक भूत. बैठकीत टकटक करून उत्तरं देई. पण गटाला ठाऊक नसलेलं काही त्याने सांगितलं नाही.

लेखकांचा अनुभव : संशोधक मार्जोरी टेलर यांच्या पाहणीत 50 पैकी 46 कथालेखकांनी पात्रं आपल्या मनाने वागतात असं सांगितलं.

अडचण : ‘मला स्वतःची जाणीव आहे’ हे तुल्पाचं विधानही घडवणाऱ्याच्याच तोंडून येतं. स्वतंत्र जाणीव सिद्ध करणारी मान्य चाचणी नाही.